दोन कंपन्यांच्या अक्का

आमच्या शेजारच्या अक्का कुठल्याही गोष्टीचा फोटो दोनदा काढतात. एकदा डाव्या कमरेच्या फोननं, एकदा उजव्या कमरेच्या. त्यासाठी त्यांनी जुन्या साडीच्या काठाच्या दोन पिशव्या शिवल्या आहेत आणि त्या नाडीनं कमरेला बांधलेल्या असतात. कुंडीतल्या मिरचीला फूल आलं, दोन फोटो. दारात गाय आली, दोन फोटो. गायही आता दुसरा फोटो होईपर्यंत हलत नाही.

डाव्या पिशवीतला फोन थोरल्या मुलाच्या कंपनीचा. हा रवींद्र, बंगळुरात असतो, फोनच्या कॅमेऱ्याचं काम बघतो. उजव्या पिशवीतला धाकट्याच्या कंपनीचा. हा मनोज, हैदराबादेत, त्याचं काम बॅटरीचं. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या कट्टर वैरी. डावीकडचा फोटो रवींद्रला जातो, उजवीकडचा मनोजला. उलट झालं तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारून बसलो. एका सुनेला आणलेली साडी दुसरीला देऊन टाका, असं मी सुचवल्यासारखं अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

कंपन्यांची नावं मी इथे लिहीत नाही, कारण अक्काही ती घेत नाहीत. बापूंचं, म्हणजे आपल्या यजमानांचं नाव त्यांनी आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं. कंपन्यांसाठी उखाणाही नाही. एक ‘थोरलीकडचे’ आणि दुसरे ‘धाकलीकडचे’. जगात फोन बनवणारे बाकीचे जे कुणी असतील ते सगळे ‘बाहेरचे’. माझा फोन बाहेरच्यांचा आहे. त्यामुळे अक्कांच्या घरात मला तटस्थ माणसाचा मान आहे आणि त्या मानापोटी सकाळचा चहा मिळतो.

मी पिंप्राळ्यात राहतो आणि पाइपच्या कारखान्यात खरेदीचं काम बघतो. मला फोनमधलं फार कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण इंग्रजी वाचता येतं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला रोज सकाळी अक्कांच्या ओट्यावर बसून मोबाइल कंपन्यांच्या बातम्या मराठीत सांगाव्या लागतात.

“काय बातमी शे, भाऊ?” कप हातात देतानाच प्रश्न.

बातमी मी सांगायची, अर्थ अक्कांनी लावायचा. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, सासर पाचोऱ्याजवळच्या खेड्यातलं. अर्ध्याहून जास्त आयुष्य शेतात आणि भाऊबंदकीत गेलं. त्यामुळे कुठलीही बातमी त्यांना नवी वाटत नाही. एकदा थोरलीकडच्यांनी धाकलीकडच्यांवर पेटंटचा दावा लावला. पेटंट म्हणजे काय हे सांगायला मी घसा साफ केला. एकीनं काढलेली युक्ती दुसरीनं न विचारता वापरायची नाही, असं मी म्हणेपर्यंत अक्का समजून चुकल्या होत्या.

“बांध कोरा ना त्यास्नी!”

मी म्हटलं, हो, साधारण शेजाऱ्याचा बांध कोरल्यासारखंच. त्यावर अक्कांनी विचारलं की मोजणीदार कोण आणि त्याला चहा कुणाच्या घरचा. मी ती बातमी तीनदा वाचली. मोजणीदाराचा उल्लेख कुठेच नव्हता.

फोनच्या डब्यातून चार्जर गायब झाला तेव्हा कंपनीनं पर्यावरणाचं कारण दिलं होतं. अक्का म्हणाल्या, पोरगी दिली, भांडी दिली नाहीत, वर म्हणतात साधेपणानं लग्न केलं. त्या वेळी दुसऱ्या कंपनीनं पहिलीची जाहीर टिंगल केली आणि थोड्याच दिवसांत आपल्याही डब्यातला चार्जर गुपचूप काढून घेतला. अक्कांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या मोठ्या जाऊबाईंचा स्वभाव अगदी असाच होता म्हणे. घडीचा फोन निघाला त्या दिवशी मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. घडीची खाट असते तसा हा फोन लहान घरातल्या गरिबांसाठी काढला असणार, असं त्यांनी गल्लीत सांगितलं. मी किंमत सांगितली. अक्का म्हणाल्या, “मंग उघडाच ठेवा म्हना.”

दोन्ही फोनांना घरात वागणूक सारखी. एक देवघराजवळच्या बटणावर चार्ज होतो, दुसरा स्वयंपाकघरात. एका टेबलावर दोन्ही कधीच ठेवायचे नाहीत. का, तर भांडतात. एकावर भजन ऐकलं तर दुसऱ्यावर कीर्तन. फोटो कुठल्या फोनात चांगला येतो, हा प्रश्न गल्लीतल्या बायका मुद्दाम काढतात, पण अक्का जन्मात सापडायच्या नाहीत. “थोरल्याना फोनमां मी गोरी दिसस,” त्या म्हणतात, “धाकल्याना फोनमां खरी दिसस.” यात कौतुक कुणाचं आणि टीका कुणावर, हे बंगळूर किंवा हैदराबादच्या कचेरीत बसून कुणाला ठरवता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. बापू गेल्यापासून बोलत नाहीत.

दिवाळीला रवींद्र येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मनोज येतो. दिवाळीला मनोज नसतो आणि आखाजीला रवींद्र नसतो. पाहुण्यांनी विचारलं तर अक्कांचं उत्तर तयार असतं: “कंपन्यास्नं पटत नही, पोरं काय करतीन?” कंपनीचा कायदाच असा आहे म्हणे, की वैऱ्याच्या माणसाशी बोलायचं नाही. एकाच्या तोंडून चुकून काही निघालं, कॅमेरा म्हणा, बॅटरी म्हणा, तर दुसऱ्याची नोकरी जायची. सणही त्याच हिशेबानं वाटून घेतलेत. दोन्ही कंपन्या एका महिन्यात फोन बाजारात आणत नाहीत, एक आधी येते, एक नंतर. तसंच दिवाळी आणि आखाजी. हे सगळं अक्का इतक्या शांतपणे सांगतात की पहिल्यांदा ऐकणारा मान डोलावतो. दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची तब्येत विचारू नये असा कुठल्याही कंपनीचा नियम नसतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण अक्कांच्या तोंडावर तसं कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही. चहा चांगला असतो.

म्हणून अक्कांना बातम्या लागतात. माझ्या हे उशिरा लक्षात आलं. मला वाटायचं, म्हातारीला नाद आहे. त्या रोज एकाच बातमीची वाट बघत होत्या: दोन्ही कंपन्यांचं मिटल्याची.

मध्ये एकदा त्यांच्या डाव्या फोनवर अपडेट आला. फोन आपोआप बंद झाला, आपोआप चालू झाला, आणि पूर्वी जो अडकत होता तो अडकायचा थांबला. हे काय झालं, म्हणून मला बोलावणं आलं. मी वाचून दाखवलं: किरकोळ दोषांची दुरुस्ती.

“कोणता दोष?”

“ते लिहीत नाहीत, अक्का.”

“कोनी कया तेबी लिखत नही?”

“नाही, कुणी केला तेही नाही.”

“मंग चूक म्हनतच नही? अपडेट म्हनतस?”

मी म्हटलं, सगळ्या कंपन्या असंच करतात. चुकलो म्हटलं तर भाव पडतो. अक्कांनी त्यावर टोमणा मारायला हवा होता. त्यांनी मारला नाही. त्या दिवशी त्या कपबशा विसळतानाही काहीतरी विचारात होत्या आणि संध्याकाळी भिंतीवरून डोकावून त्यांनी मला पुन्हा विचारलं, अपडेट उशिरा आला तरी चालतो का? मी म्हटलं, चालतो, जुन्या फोनला तर उशिराच येतो.

आणि गेल्या हिवाळ्यात ती बातमी आली. थोरलीकडचे धाकलीकडच्यांना फोनची काच, म्हणजे पडदा, बनवून देणार. करार झाला. दोन्हीकडचे मोठे साहेब हातात हात घालून उभे असलेला फोटोही होता. मी वाचून संपवायच्या आत अक्का उठून उभ्या राहिल्या.

“सुपारी फुटनी!”

आमच्याकडे लग्न पक्कं झालं की सुपारी फोडतात. मी समजावलं की अक्का, हा धंदा आहे. पडदा विकतील आणि बाजारात भांडतीलही. अक्कांनी ऐकलं नाही. सोयरीक झाली की भांडण राहतंच, त्या म्हणाल्या, पण जाणं-येणं सुरू होतं. लगेच मला रिक्षा आणायला पाठवलं. रिक्षात बसताना त्यांच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात दोन टॉवेल, दोन टोप्या आणि दोन नारळ.

गावातल्या मोबाइल मार्केटात दोन्ही कंपन्यांची दुकानं समोरासमोर आहेत, मध्ये माणूस आडवा झोपेल एवढाच बोळ. थोरलीकडच्यांचं दुकान कांतिलालशेठचं. धाकलीकडच्यांचं गणेश पाटलाचं. दोघंही दिवसभर एकमेकांच्या काचेवरच्या सवलतीच्या पाट्या वाचतात आणि आपल्या पाट्या बदलतात. अक्कांनी दोघांना बोळात बाहेर बोलावलं आणि व्याहीभेट घ्यायला सांगितली.

कांतिलालशेठ म्हणाले, “अक्का, सोयरीक वर झाली. माझं टार्गेट तेवढंच आहे.”

“आधी गळाभेट. मंग टार्गेट.”

गणेश पाटील वयानं लहान, त्याला हसू आवरेना. पण अक्कांसमोर कुणाचं काही चालत नाही. दोघांनी टोप्या घातल्या, गळ्यात टॉवेल घेतले, नारळ दिले-घेतले आणि छातीला छाती लावली. अक्कांनी फोटो काढला. मग पिशवी बदलून पुन्हा काढला. दुसऱ्या फोटोसाठी दोघांना परत भेटायला लावलं. बोळात गर्दी जमली आणि कव्हर घ्यायला आलेल्या एका माणसानं लग्न कुणाचं आहे म्हणून मला विचारलं. मी मुलाकडचा असल्याचं सांगितलं, दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणेशनं दर उतरवला आणि दुपारी कांतिलालशेठनं त्याच्याहून खाली उतरवला. अक्कांना मी ते सांगितलं नाही.

त्यांची भरिताची तयारी सुरू झाली होती. येत्या रविवारी अंगणात भरीत-पुरी, सगळी गल्ली जेवायला आणि दोन्ही मुलं एका पंगतीला. पूर्वी हे काम त्या दोघांचंच असायचं म्हणे. शेतात तुरीच्या काड्या पेटवून रवा, म्हणजे रवींद्र, वांगी भाजायचा, मन्या सोलून ठेचायचा, आणि बापू शेजारी बसून दोघांच्या चुका काढायचे. अक्कांनी स्पीकर लावून दोन्हीकडे फोन केले. त्या नेहमीच स्पीकर लावतात, त्यामुळे गल्लीला त्यांच्या घरचं वेगळं विचारावं लागत नाही. कंपन्यांचं मिटलं, आते येवाले काय हरकत शे, असं दोघांनाही एकाच सुरात विचारलं.

रवींद्र म्हणाला, “आई, तो पडद्याचा करार आहे. त्याचा आमच्याशी काही संबंध नाही. मी दिवाळीला येऊन गेलो ना.”

मनोज म्हणाला, “दादा येणार असेल तर राहू दे, आई. मी आखाजीला येतो.”

अक्का “बरं” म्हणाल्या. दोघांनाही तेवढंच. फोन पिशव्यांत गेले. मला वाटलं, आता जेवण रद्द होईल. नाही झालं. रविवारी सकाळी सावद्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आलेली हिरवी, लांबट वांगी अंगणात पसरली होती आणि अक्का काड्या रचत होत्या. मी मदतीला गेलो. आजवर मला त्या म्हातारीचं हसूच यायचं, त्या सकाळी पहिल्यांदा वाईट वाटलं. एवढा मोठा करार जुळून आला, दोन देशांतले साहेब हात मिळवून मोकळे झाले, आणि हिच्या पदरात काही पडलं नाही.

वांगी भाजायला लागली तशी अक्कांनी पदराला हात पुसले. डाव्या पिशवीतला फोन काढला. रवींद्रला लावला. स्पीकर होताच. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानं बस म्हटलं.

“रवा, एक जुना अपडेट देवाना राही गया.”

“कसला अपडेट, आई?”

“तुना बाप दवाखानामां व्हता तवाना.”

तो प्रसंग मला तुटक माहीत होता. बापूंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा मनोज सुटीवर इथेच होता. रवींद्रच्या पहिल्या मोठ्या फोनच्या अनावरणाचा कार्यक्रम त्याच दिवशी होता. मनोजनं त्याला दिवसभर कळवलं नाही. कळवलं तोवर बापू गेलेले. दहाव्याला सगळ्यांसमोर रवींद्र धाकट्या भावाला म्हणाला होता की तू मला माझ्या बापाची शेवटची भेट होऊ दिली नाहीस. मनोजनं उत्तर दिलं नव्हतं. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

“मन्या तुले फोन लावत व्हता,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. “मी त्याना हातमाईन फोन लिधा. मी सांगं, भाऊले सांगू नको. त्याना कार्यक्रम शे, तीन वरीसनी मेहनत शे, सांजले सांगू. माले वाटनं सांजलोंग काही व्हत नही. मन्यानी काही चूक नही, रवा. मी सांगं म्हनीसन तो गप राहिना. तू त्याले बोलना तवा मी तठेच उभी व्हती.”

रवींद्रचा आवाज आला. “आणि हे तू आत्ता सांगतेस, आई?”

“जुना फोनले अपडेट उशिरा येस.”

फोन बंद झाला. त्यानं ठेवला की पलीकडे तुटला, कळलं नाही. अक्कांनी फोन पिशवीत टाकला आणि चिमटा घेऊन वांगी उलटवायला बसल्या. कंपन्यांचं भांडण, कायदा, वाटून घेतलेले सण, हे सगळं त्या आम्हाला कशासाठी सांगत होत्या ते आता कळलं. ‘कंपन्यांचं पटत नाही’ म्हटलं की तिसरं, स्वतःचं, नाव घ्यावं लागत नव्हतं.

“आता मन्याला सांगा ना,” मी म्हटलं. “की रवाला सगळं सांगितलं म्हणून.”

“थांब.”

एक घाणा वांगी भाजून झाली. दुसरा लावला. मग अक्कांनी पुन्हा रवींद्रला फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. अक्का थांबल्या, पुन्हा लावला. तीच बाई. रागावून कुणाशी तरी बोलत असेल, बायकोला सांगत असेल, असं मी पुटपुटलो. अक्कांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी उजव्या पिशवीतला फोन काढला आणि मनोजला लावला.

तिथेही व्यस्त.

अंगणात एक लहान टेबल होतं, पुऱ्यांच्या परातीसाठी मांडलेलं. अक्कांनी दोन्ही फोन त्या टेबलावर ठेवले. आजवर न झालेली गोष्ट. एकातून रवींद्रला लावला, दुसऱ्यातून मनोजला. दोन्ही स्पीकर चालू. दोन्हींतून ती एकच बाई, किंचित मागेपुढे, एकच वाक्य बोलायला लागली. अक्का वाकून ऐकत होत्या. वाक्य संपलं की पुन्हा लावत होत्या.

“एकमेकासंगे बोली राहिनात ना, भाऊ?”

मी म्हटलं, “हो अक्का. एकमेकांशीच बोलताहेत.”

“मंग काट. मधमां बोलू नही.”

मी दोन्ही कॉल बंद केले. वांगी एका बाजूनं करपायला लागली होती, ती अक्कांनी बाजूला ओढली. डोळ्यांना पदर लावला आणि धुराला दोन शब्द सुनावले. फोन टेबलावरून उचलले नाहीत. शेजारी शेजारी तसेच राहू दिले. गल्लीतली माणसं यायला लागली तरी नाही, टेबलावर पुऱ्यांची परात आली तरी नाही. परात थोडी सरकवून ठेवली. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या की तुझा फोन काढ आणि ह्या दोन्हींचा फोटो घे. मी काढला. सवयीनं दुसरा काढायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

“एकच काढ. दोघास्ले तोच धाडजो.”